गटप्रकल्प: मैत्रीला मोकळीक, कामाला चौकट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की घराघरांत एक वाक्य ऐकू येऊ लागतं: "आई, मी प्रोजेक्टसाठी जातेय." कुणाकडे, कोण कोण, किती वाजेपर्यंत, याची उत्तरं चप्पल घालता घालता अर्धवट मिळतात. मग संध्याकाळी सातला येणारी मुलगी साडेआठला येते, वहीत दोन ओळींपलीकडे काही नसतं आणि घरात वादाला तोंड फुटतं. पुढच्या वेळी काही पालक म्हणतात, "कुठे जायचं नाही, घरीच बसून कर, मी मदत करते." काही जण हात टेकतात आणि "जा, पण वेळेवर ये" एवढं म्हणून मोकळे होतात.

या दोन्ही वाटांनी मुलांचं नुकसान होतं. पहिल्या वाटेने गटात काम करण्याचा अनुभव जातो, दुसऱ्या वाटेने वेळ आणि पैसा जातो, कधी सुरक्षितताही. मर्यादा हवीच. ती काम सुरू होण्याआधी ठरलेली, गटातल्या सगळ्या घरांना माहीत असलेली आणि कामाच्या गरजेतून आलेली असावी. अशी मर्यादा मुलं पाळतात, कारण तिच्यामुळे प्रकल्प सोपा होतो हे त्यांना दिसतं.

हे प्रकल्प शाळेत आले कशासाठी?

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रकल्प पद्धती' मांडणारा निबंध लिहिला. मुलांनी एखादं काम स्वतःचं मानून, हेतू ठरवून, मनापासून करावं आणि त्यातून शिकावं, हा त्याचा गाभा. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार पुढे ठेवला आणि तो 'नई तालीम' म्हणून ओळखला गेला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानेही कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकवावं असं स्पष्ट म्हटलं.

त्यानंतर २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकत असतानाच होणाऱ्या, मूल्यमापनाची आठ साधनं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. प्रकल्प हे या आठांपैकी एक साधन आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावं. एका प्रकल्पासाठी चार रात्री जागरण करावं, हजार रुपये घालावेत किंवा बाकीचा अभ्यास बाजूला ठेवावा, इतकं वजन त्याला शिक्षणव्यवस्थेनेही दिलेलं नाही.

गटाने काम करणं हा मात्र शिकण्याचाच भाग आहे. दुसऱ्याचं ऐकून घेणं, आपलं म्हणणं पटवून देणं, न पटलेला निर्णयही मान्य करून कामाला लागणं, हे एकट्याने घरी बसून येत नाही. म्हणून सरसकट बंदी घालणं हा उपाय होऊ शकत नाही.

आधी वही बघा

मर्यादा ठरवायच्या आधी शिक्षकांनी नेमकं काय सांगितलं आहे ते पाहावं. मुलं "खूप मोठं प्रोजेक्ट आहे" म्हणतात, आणि वहीत लिहिलेलं असतं: चार पानं, एक तक्ता, सादर करायची तारीख. तीन प्रश्न पुरेसे असतात.

– काम गटाने करायचं आहे की प्रत्येकाने स्वतंत्र?
– शेवटी काय द्यायचं आहे: वही, तक्ता, प्रतिकृती की तोंडी सादरीकरण?
– तारीख कोणती?

स्वतंत्र प्रकल्प असतानाही मुलं "आम्ही मिळून करतोय" म्हणून जमतात. मैत्रिणीशेजारी बसून काम करायला हरकत नाही, पण तेव्हा प्रत्येकीची वही वेगळी आणि मजकूरही वेगळा हवा. तारीख महिनाभर पुढे असेल तर आजच्या बैठकीची घाई नाही, आणि तारीख परवावर आली असेल तर चर्चेला वेळ नाही. मर्यादा त्यानुसार बदलते.

वेळ: सगळं काम एकत्र बसून करायचं नसतं

गटप्रकल्पात एकत्र बसण्याची खरी गरज दोनदा पडते. एकदा सुरुवातीला, काय करायचं आणि कोणी करायचं हे ठरवण्यासाठी. दुसऱ्यांदा शेवटी, आणलेलं सगळं जोडण्यासाठी. मधलं काम ज्याने त्याने आपापल्या घरी करायचं असतं. ही रचना मुलांना समजली की रोज संध्याकाळी जमण्याचा प्रश्नच उरत नाही.

वयानुसार अंदाज असा धरता येईल:

– तिसरी-चौथीपर्यंत: एक बैठक, तासाभराची. मोठं माणूस त्याच घरात, हाकेच्या अंतरावर.
– पाचवी ते सातवी: दीड तासाच्या दोन बैठका, फार तर तिसरी. शक्यतो शनिवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी.
– आठवी ते दहावी: दोन तासांच्या दोन-तीन बैठका. दिवेलागणीपर्यंत मूल घरी किंवा घराच्या वाटेवर.

जमण्याची वेळ सांगताना उठण्याची वेळही सांगावी. "चारला जा" एवढं अपुरं आहे. "चार ते साडेपाच, पावणेसहाला घरी" हे स्पष्ट आहे. गप्पा होणारच, आणि त्या व्हाव्यातही. शेवटची पंधरा मिनिटं खेळायला किंवा खायला राखून ठेवली की मधल्या वेळेत काम होतं, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

जागा: कुणाच्या घरी आणि कोणासमोर

ज्या घरी मुलं जमणार, तिथे तेवढा वेळ एक जबाबदार मोठी व्यक्ती हवी. आजी-आजोबा असले तरी चालेल, पण ते घरात आहेत याची खात्री त्या घरातल्या आई-वडिलांकडून फोनवर करून घ्यावी. मुलांच्या "काकू आहेत घरी" यावर विसंबू नये. काम बाहेरच्या खोलीत व्हावं, दार उघडं असावं. हा नियम मुलगा आणि मुलगी दोघांना सारखाच लावावा. मुलीला "साडेपाचला ये" आणि तिच्याच वर्गातल्या भावाला "कितीही वाजता ये" असं केलं तर ती नियमाला अन्याय म्हणते, आणि तिचं बरोबर असतं.

घराबाहेर असताना कुणाचं वागणं, बोलणं, स्पर्श आवडला नाही तर लगेच उठून निघून यायचं, काम अर्धवट राहिलं तरी चालेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. चाईल्डलाईनचा १०९८ हा मोफत क्रमांक त्यांना पाठ असावा.

नेहमी एकाच घरावर भार पडू नये. मोठं घर असलेल्या मुलीकडेच सगळे जमतात, आणि तिच्या आईची प्रत्येक रविवारची सकाळ पोह्यांच्या कढईपुढे जाते. घरं आळीपाळीने ठरवावीत. खायचं काय हेही साधं ठेवावं: प्रत्येकाने आपला डबा आणायचा किंवा यजमान घरी फक्त चहा-बिस्किटं. अमक्याच्या घरी जायचं नाही, तमक्याकडे पाणी प्यायचं नाही, अशी जातीपातीची किंवा धर्माची कुंपणं मर्यादेच्या नावाखाली घालू नयेत. शाळेने वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना एका गटात बसवलं, ते ही कुंपणं मोडावीत म्हणूनही.

चाळीत किंवा एका खोलीच्या घरात पाच मुलांना बसायला जागा नसते. अशा घरातल्या मुलाला आपल्या घरी कुणाला बोलावता येत नाही याची लाज वाटते आणि तो गटातून मागे सरतो. अशा वेळी गावचं वाचनालय, सोसायटीचं कार्यालय, देवळाचा सभामंडप किंवा शाळा सुटल्यावर वर्गातच अर्धा तास, हे चांगले पर्याय आहेत.

जाणं-येणं: चावी हातात देऊ नका

नववी-दहावीतली मुलं मित्राकडे जायला घरची स्कूटर मागतात. "इथल्या इथे तर आहे" म्हणून ती दिलीही जाते. कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला कोणतंही मोटारवाहन चालवता येत नाही. सोळा ते अठरा या वयात पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, तोही बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. घरोघरी असलेल्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सायकल, पायी, बस, किंवा एका पालकाने सोडायचं आणि दुसऱ्याने आणायचं, एवढ्यात हा प्रश्न सुटतो.

खर्च: आकडा आधी, दुकान नंतर

प्रकल्प दिला की स्टेशनरीच्या दुकानांत गर्दी उसळते. कार्डशीट, चार्टपेपर, रंगीत टेप, छापील चित्रांचे तक्ते, झेरॉक्स, स्पायरल बाईंडिंग, असं करत बिल वाढत जातं. गटातल्या सगळ्यांत कमी पैसे ज्याला देणं शक्य आहे, त्याला झेपेल तो आकडा सगळ्यांचा आकडा ठरवावा. माणशी पन्नास रुपये ठरले तर पन्नासच. कुणी "माझे बाबा देतील सगळे पैसे" म्हटलं तर नको म्हणावं, कारण ज्याचे पैसे त्याचा शब्द शेवटचा, असं मग गटात होऊन बसतं.

हिशेब एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर लिहावा आणि उरलेले पैसे परत वाटावेत. जुने पुठ्ठे, लग्नपत्रिका, रद्दीतली मासिकं, रिकाम्या काड्यापेट्या यांतून चांगल्या प्रतिकृती होतात. थर्माकोल शक्यतो आणूच नये. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून आणि देशभर १ जुलै २०२२पासून बंदी आहे. पर्यावरणाचा प्रकल्प थर्माकोलवर चिकटवून द्यायचा, हे मुलांनी शिकू नये.

कामाची वाटणी: इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

पाच जणांचा गट, एकीने सगळं लिहिलं, एकाने चित्रं चिकटवली, तिघांची फक्त नावं. पालकांची खरी तक्रार बहुतेक वेळा हीच असते. यात मुलांचा स्वभाव वाईट असतो असं नाही. फ्रेंच शेतकी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढायच्या प्रयोगांत पाहिलं की माणसं वाढत जातात तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. १९७९ साली बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांतही तेच दाखवलं. आपलं काम वेगळं दिसणार नाही असं वाटलं की मोठी माणसंसुद्धा हात आखडता घेतात.

उपायही त्यातच आहे: प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसला पाहिजे. १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या शाळांत एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. प्रत्येकाने आपला तुकडा नीट शिकून इतरांना समजवायचा. एकाने काम टाळलं तर सगळ्यांचं अडतं, म्हणून कुणीच अनावश्यक राहत नाही.

समजा चौघांना 'घरातला पाण्याचा वापर' हा विषय मिळाला आहे. पहिल्या बैठकीत एक कोरा कागद घेऊन चार नावं लिहायची. मग ठरवायचं की चौघांनीही आपापल्या घरी तीन दिवस मोजायचं: आंघोळीला किती बादल्या, भांड्यांना किती, कपड्यांना किती. बादली किती लिटरची आहे हे एक लिटरच्या बाटलीने पाणी भरून आधी तपासायचं. नळ गळत असेल तर त्याखाली दहा मिनिटं वाटी ठेवायची, साठलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजायचं आणि सहाने गुणायचं, म्हणजे तासाला किती पाणी वाया जातं ते कळतं. त्यानंतर एकाने चारही घरांचा तक्ता करायचा, दुसरीने आलेख काढायचा, तिसऱ्याने पाणी कुठून येतं हे ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या सचिवांना विचारून लिहायचं, चौथीने बचतीचे उपाय घरात करून पाहायचे आणि फरक नोंदवायचा. शेवटच्या बैठकीत चौघांनी एकमेकांना आपला भाग समजवायचा, कारण शिक्षक कुणालाही काहीही विचारू शकतात.

या प्रकल्पाला दोन बैठका लागतात, खर्च जवळपास शून्य आणि चारही हातांचं अक्षर वहीत दिसतं. असं काम आवडलं तर मुलांना राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची वाटही दाखवता येते. १९९३पासून भरणाऱ्या या उपक्रमात १० ते १७ वयोगटातली मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नावर संशोधन करतात आणि रोजची नोंदवही ठेवतात.

मोबाईल: ग्रुप कुणाच्या फोनवर?

प्रकल्प आला की 'प्रोजेक्ट ग्रुप' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. व्हॉट्सॲपच्याच नियमानुसार स्वतःचं खातं उघडण्याचं किमान वय तेरा आहे. सातवीपर्यंतच्या बहुतेक मुलांसाठी हा ग्रुप पालकांच्या फोनवर असावा आणि त्यात एकेका घरातलं एक मोठं माणूस असावं. ग्रुपवर फक्त कामाचं बोलणं, रात्री साडेआठनंतर निरोप बंद, एकमेकांचे फोटो न विचारता टाकायचे नाहीत, प्रकल्प दिला की ग्रुप बंद करायचा. एवढे चार नियम पुरतात.

बैठकीत पाच मुलांना एकच फोन पुरतो, तोही माहिती शोधण्यापुरता. इंटरनेटवरून किंवा एआयकडून मिळालेला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा नाही. वाचायचा, फोन उलटा ठेवायचा आणि मग आपल्या शब्दांत लिहायचा. ही सवय पुढच्या प्रत्येक परीक्षेत कामी येते.

पालकांचीही मर्यादा

कितीतरी शाळांच्या प्रदर्शनांत मांडलेल्या प्रतिकृतींवर मोठ्यांच्या हाताची सफाई स्पष्ट दिसते. मुलांना नियम घालताना आपल्यालाही नियम हवा. कटर चालवणं, गरम गोंदाची बंदूक धरणं, विजेची जोडणी तपासणं, ही कामं मोठ्यांची. विषय निवडणं, लिहिणं, रंगवणं, चिकटवणं आणि बोलणं हे मुलांचं. रेघ वाकडी आली तर वाकडी राहू द्यावी. मदत करायचीच असेल तर प्रश्न विचारावेत: "हा आकडा कुठून आला?", "हे चित्र इथे का?" उत्तर देता आलं तर काम झालं आहे.

सांगायचं कसं

मुलाला मित्रांसमोर अडवू नये. आदल्या रात्री, जेवताना, शांतपणे बोलावं.

"उद्या कुणाकडे बसताय?"
"अजून ठरलं नाही."
"मग आधी ठरवा. ज्यांच्याकडे बसाल त्यांच्या आईशी मी एकदा बोलेन. चार ते साडेपाच चालेल?"
"सगळे सहापर्यंत थांबणार आहेत, गं."
"साडेपाचपर्यंत काय काय होईल ते मला लिहून दाखव. त्यात बसत नसेल तर सहा करू."

यात आईच्या तोंडी "नाही" हा शब्द नाही, आणि मुलीला वेळ वाढवून मागायचा हक्क आहे, पण कारण द्यावं लागतं. दुसऱ्या घरी फोन करतानाही सरळ बोलावं: "नमस्कार, मी अमुकची आई. उद्या मुलं तुमच्याकडे जमणार आहेत. तुम्ही घरी असाल ना? साडेपाचला मी घ्यायला येईन. पुढच्या रविवारी आमच्याकडे पाठवा." या एका फोनने निम्म्या काळज्या मिटतात, आणि "सगळ्यांच्या आया परवानगी देतात, तूच देत नाहीस" हे वाक्यही बंद होतं.

मर्यादा मोडली तर शिक्षा कामाशी जोडलेली असावी. उशीर झाला तर पुढची बैठक आपल्या घरी, किंवा अर्ध्या तासाने कमी. प्रकल्पच काढून घेणं, गटातून नाव मागे घेणं किंवा मित्रांना दोष देणं टाळावं, कारण त्याची झळ बाकीच्या मुलांना बसते.

शिक्षकांना विनंती

घरांनी कितीही चौकटी आखल्या तरी अर्धं काम शाळेतच सोपं होऊ शकतं. गट पाडताना राहण्याचं अंतर बघा. पहिली बैठक वर्गातच एका तासिकेत घ्या आणि वाटणीचा कागद तिथेच सही करून द्या. खर्चाची कमाल मर्यादा वहीत लिहून द्या. गुण देताना काही गुण गटाला आणि काही प्रत्येकाच्या वाट्याला द्या, आणि सजावटीपेक्षा मुलांच्या उत्तरांना जास्त द्या. दुकानातून आणलेल्या देखण्या वहीला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तर घरी सांगितलेली प्रत्येक मर्यादा फोल ठरते.

पालकांना सांगणं इतकंच: पुढचा प्रकल्प घरी आला की पहिल्याच दिवशी मुलाशेजारी बसा आणि एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: कुणाकडे, किती वेळ, किती पैसे, कुणाचं कोणतं काम, आणि घरी कोण घेऊन येणार. तो कागद गटातल्या बाकीच्या घरांनाही पाठवा. मग मुलांना निर्धास्तपणे जाऊ द्या.